पट्टेदार जॅस्पर: स्लॅब निवडण्यापासून कोंदणात बसवण्यापर्यंत

सांगलीत बसून पट्टेदार जॅस्परचे खडे कापायचे, चांदीच्या कोंदणात बसवायचे आणि रीतसर बिल करून विकायचे, हे काम नोव्हेंबर २०२४ मध्ये हाती घेतलं. पुढच्या दिवाळीआधी पहिला माल दुकानात लागला. मधला बराच वेळ नुसतं विचारत फिरण्यात गेला. चांदीचं सराफ कट्ट्यावर कळतं, दगडाचं जयपूरचे व्यापारी सांगतात, कागदांचं सीए बघतो. पण या तिन्हींची सांगड कशी घालायची हे कुणीच सांगत नाही. म्हणून जसं घडत गेलं तसंच लिहितो आहे.

आधी दगडाबद्दल. जॅस्पर आणि अकीक दोन्ही कॅल्सेडनी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं क्वार्ट्झ. अकीकमधून उजेड आरपार जातो, जॅस्परमधून जात नाही, कारण त्यात लोहाची ऑक्साइडं आणि मातीचे कण ठासून भरलेले असतात. लाल रंग हेमॅटाइटचा, पिवळा-खाकी गोएथाइटचा. काठिण्य ६.५ ते ७, विशिष्ट गुरुत्व २.६ च्या आसपास. म्हणजे १०० बाय ८० मिलिमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची स्लॅब, म्हणजे दगडाची कापलेली चपटी फळी, साधारण १२५ ग्रॅम भरते. व्यापारी फोटो पाठवून नगावर भाव सांगतो तेव्हा हा हिशोब करून किलोचा भाव काढावा. कुठली स्लॅब खरंच महाग आहे ते तेव्हाच कळतं.

‘आपल्याकडे एवढा काळा दगड, त्यात गारगोट्या सापडतात, मग विकत कशाला?’ असं जवळजवळ प्रत्येकानं विचारलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी आणि जॅस्पर तयार झालेलं आहे, हे खरं. पण १० फेब्रुवारी २०१५ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं अकीक आणि जॅस्पर दोन्ही गौण खनिजांत आले आणि राज्यात उत्खननाला २०१३ चे गौण खनिज नियम लागू आहेत. धंद्यासाठी दगड उकरायचा तर महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन आलंच. शिवाय ओढ्यातले तुकडे बहुधा लहान आणि आतून तडकलेले निघतात. कासच्या बाजूला फिरायला गेलात तर दगड तिथेच राहू द्या, ते पठार जागतिक वारशात आहे. बिलावर घेतलेली स्लॅब सगळ्यात कमी डोकेदुखीची.

डिसेंबर खरेदीत गेला. देशी अकीक-जॅस्परसाठी खंभात आणि जयपूर ही दोन ठिकाणं. खंभातला माल बराचसा भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातून येत आला आहे. तिथे अकीक जास्त, पट्टेदार अपारदर्शक माल कमी. जयपूरला परदेशी स्लॅबही मिळतात: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मूका क्रीकचं मुकाइट, अमेरिकेतल्या ओरेगॉनकडची निसर्गचित्रासारखी दिसणारी ओवायही आणि बिग्ज. नावांना मात्र भुलू नये. रेनफॉरेस्ट आणि लेपर्डस्किन या नावांनी जॅस्पर म्हणून विकला जाणारा दगड मुळात रायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक आहे. त्याचे खडे छान होतात, पण बिलावर जॅस्पर लिहिणं बरोबर नाही, आणि त्यात कठीण-मऊ भाग शेजारी शेजारी असल्यानं पॉलिशही एकसारखं बसत नाही.

स्लॅब हातात आल्यावर काय बघायचं? सगळ्यात उपयोगाची परीक्षा फुकट आहे. स्लॅब पाण्यात बुडवून काढा आणि फडक्यानं पुसून उन्हात ठेवा. ओली असताना पॉलिशनंतरचा रंग दिसतो. वाळताना खरी गंमत आहे: पृष्ठभाग कोरडा होतो, पण तड असेल तिथे पाणी अडकून बारीक काळी रेघ मागे राहते. त्या रेघेवर पेन्सिलीनं खूण करून ठेवावी. दुसरी परीक्षा आवाजाची. दोन बोटांत सैल धरून नाण्यानं टोकलं की अखंड स्लॅब टणटण वाजते, तडकलेली भद्द आवाज देते. व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे आले तर तो पट्टेदार संगमरवराच्या जातीचा दगड, जॅस्पर नव्हे. चाकूच्या पोलादानं ओरखडा उठला तरी तेच. अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाला रंग लागला तर दगड रंगवलेला. एवढं सगळं व्यापाऱ्यासमोर करायला संकोच वाटतो, पण चांगला व्यापारी पाण्याची बादली स्वतःच पुढे करतो.

मोठ्या करवतीवर स्लॅब बहुतेक तेलात कापतात. सच्छिद्र पट्टे ते तेल पितात, आणि मग चिकटवलेला खडा डोपवरून, म्हणजे घासताना तो धरायच्या काडीवरून, निसटतो. अशी स्लॅब कोरड्या मुलतानी मातीत दोन-तीन दिवस पुरून ठेवायची, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं घासायची. माती तेलकट झाली की बदलायची.

जानेवारीत कागदपत्रं. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची, नोंदणी आधार आणि पॅनवर, सरकारी पोर्टलवर, पूर्णपणे मोफत होते. शोधयंत्रात वर येणाऱ्या, फी मागणाऱ्या साइट सरकारी नव्हेत. एनआयसी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक, निवडताना दोन्ही घ्यावेत: ३२११२ रत्नांच्या कामासाठी आणि ३२१११ दागिने बनवण्यासाठी. फक्त पहिला घेतला तर पुढे चांदीच्या कामासाठी कर्ज मागताना बँक विचारते की यात दागिने कुठे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नव्हती, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. ती पावती बँकेत चालू खातं उघडताना मागतात, म्हणून आधीच करून घ्यावी.

जीएसटी मात्र रेंगाळला. केवळ माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर विकायचं असेल तर ही मर्यादा धरता येत नाही. अधिसूचित हस्तकलांना सवलत आहे, पण आपला दागिना त्या यादीत बसतो का हे सीएकडून लेखी घ्यावं. आमचा अर्ज जागेच्या पुराव्यावर अडला: लाइट बिल एका नावावर, भाडेकरार दुसऱ्याशी. जुन्या पेठांतल्या गाळ्यांची ही नेहमीची गोष्ट. अशा वेळी आरईजी-०३ फॉर्ममध्ये खुलासा मागणारी नोटीस येते आणि कामकाजाच्या ७ दिवसांत आरईजी-०४ मध्ये उत्तर द्यावं लागतं. मालकाचं संमतीपत्र, घरपट्टीची पावती आणि वारसा नोंदीची प्रत अशी तिन्ही एकाच पीडीएफमध्ये जोडली की पुन्हा शंका निघत नाही. नोटीस ईमेलवर येते, म्हणून रोजच्या वापरातला पत्ता द्यावा.

परदेशातून थेट स्लॅब मागवायच्या तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, लागतो. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर ५०० रुपये भरून तो लगेच मिळतो. पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात काही बदल नसला तरी माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर कोड निष्क्रिय होतो. पाठवणाऱ्याला बिलावर ‘फक्त करवतीनं कापलेला, पॉलिश न केलेला’ असं स्पष्ट लिहायला सांगा. असा माल कस्टमच्या वर्गवारीत ७१०३ १० खाली येतो, पॉलिश केलेला ७१०३ ९९ खाली. नुसतं ‘जेमस्टोन’ लिहिलं की कस्टममध्ये प्रश्न निघतात, पार्सल थांबतं आणि आपण इथे रोज ट्रॅकिंग बघत बसतो. दोन-चार स्लॅबसाठी हा व्याप करू नये. जयपूरहून घेतलेल्या परदेशी स्लॅब थोड्या महाग पडतात पण बिलासकट येतात.

फेब्रुवारीत जागा आणि मशिन. सांगलीत जागा बघताना पहिला प्रश्न पुराचा. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती, २०२१ मध्ये पुन्हा पेठांत पाणी आलं. तळमजला घ्यावा लागला तर मोटरी भिंतीतल्या लोखंडी कप्प्यावर आणि मशिन चार बोल्ट काढून उचलता येईल असं ठेवावं. विजेचं म्हणाल तर घरगुती मीटरवर धंदा चालवू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. पाणी आणि वीज इथे एकाच टेबलावर असतात, म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हा खर्च टाळायचा नाही.

मशिनमध्ये दोन भाग लागतात. एक ६ इंची डायमंड ब्लेडची ट्रिम करवत आणि एक चाकांचं मशिन. जयपूरचं मशिन, देशी ब्लेड आणि परदेशी रेझिन चाकं असा मेळ घातला तेव्हा वायरिंगसकट खर्च लाखाच्या थोडा पुढे गेला. चाकं ६ इंची असतील तर मिनिटाला १४४० फेऱ्यांची अर्ध्या एचपीची मोटर थेट चालते. क्रम असा (आकडा जितका मोठा तितके चाकावरचे कण बारीक): ८० आणि २२० ही कडक चाकं, मग २८०, ६००, १२००, ३००० ही मऊ रेझिनची. पैसे वाचवायचे तर मशिनवर वाचवा, मऊ चाकांवर नाही. स्वस्त २८० च्या चाकात एखादा जाड हिरकण निसटलेला असतो आणि तो प्रत्येक खड्यावर सही करून जातो.

धूळ हा सगळ्यात गंभीर मुद्दा. जॅस्पर म्हणजे सिलिका. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस किती पसरला हे जगजाहीर आहे. तो बरा होत नाही. कोरडं घासणं कधीच नाही, अगदी एक कोपरा मारायचा असला तरी. पाणी सतत चाकावर पडलं पाहिजे आणि उडणारे तुषारही श्वासात जाऊ नयेत म्हणून किमान एन-९५ मास्क लावावा. खरा धोका काम संपल्यावर असतो: टेबलावर वाळलेला गाळ झाडूनं झाडला की तीच धूळ हवेत. ओल्या फडक्यानं पुसायचं. गाळ मोरीत सोडायचा नाही, सिमेंटसारखा घट्ट बसून पाइप बुजतो. बादलीत निवळू द्यायचा, वरचं पाणी पुन्हा वापरायचं, खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधायचा.

मार्चपासून कापणी. पट्टेदार दगडात सगळा खेळ पट्ट्यांच्या दिशेचा आहे आणि हे बहुतेक ठिकाणी नीट सांगत नाहीत. स्लॅबच्या पृष्ठभागावर पट्टे दिसतात, पण ते आत कुठल्या कोनात गेलेत हे स्लॅबच्या कडेला बघावं लागतं. पट्टे सरळ उभे आत गेले असतील तर खड्याच्या वरच्या बाजूला घुमट कितीही दिला तरी त्यावर सरळ रेघाच राहतात. पट्टे तिरपे असतील तर घुमटावर त्या रेघा वाकून कमानी होतात, आणि कमान कुठल्या बाजूला झुकणार हे कड बघून आधीच सांगता येतं. पट्टे पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असतील तर सपाट स्लॅब एकरंगी आणि निरस दिसते. हीच स्लॅब लोक बाजूला टाकतात. पण तिच्यावर घुमट घासला की एकेक थर उघडा पडत जातो आणि डोळ्यासारखी वर्तुळं तयार होतात. अशा स्लॅब स्वस्तात मिळतात. फक्त थर पातळ हवेत, ६ मिलिमीटर जाडीत निदान तीन-चार रंग बदलले पाहिजेत, नाहीतर वर एक टिपका आणि भोवती एकच रंग एवढंच निघतं.

एक गोष्ट अजून: दोन पट्ट्यांच्या सीमेवर तड असण्याची शक्यता जास्त. सीमारेषा खड्याच्या मधून आडवी गेलेली चालते, पण कडेला समांतर, कंबरेच्या, म्हणजे खड्याच्या कडेच्या उभ्या भिंतीच्या, जवळून जाऊ देऊ नये. कोंदण दाबताना जोर तिथेच येतो आणि कडेचा कपचा उडतो.

साचा ठेवून आखणी करताना पेन्सिल चालत नाही, पाण्यानं जाते. अॅल्युमिनियमच्या तारेला टोक काढून आखलं की रेघ शेवटपर्यंत राहते. ३० बाय २२ मिलिमीटरचा अंडाकृती खडा हे पेंडंटसाठी सोयीचं माप. चारही बाजूंनी २ मिलिमीटर सोडायचे. वर सांगितलेल्या मापाच्या स्लॅबमधून, सगळे एकाच दिशेनं मांडले तर, कागदावर ६ खडे बसतात, तडा आणि दिशा सांभाळून ३-४ निघाले तरी स्लॅब वसूल. करवतीवर फक्त सरळ काप घ्यायचे आणि कोपरे चाकावर मारायचे. वळवून कापायला गेलं की ब्लेडला पोक येतो आणि ते पुन्हा सरळ होत नाही. ब्लेड कापेनासं झालं, दगड ढकलावा लागतोय असं वाटलं तर ते बोथट नसतं, हिरकण्या झाकल्या गेलेल्या असतात. एका पक्क्या विटेत पाण्याखाली तीन-चार काप घेतले की धार उघडते.

डोपसाठी लाख उत्तम. दगड पत्र्यावर ठेवून खालून मंद आचेवर हळूहळू तापवायचा. थेट ज्योतीत धरला तर तडकतो. खडा पूर्ण झाल्यावर फ्रीजरमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवला की लाख आकसते आणि नुसत्या पिळ्यानं सुटते. मे महिन्यात मात्र सांगलीच्या उन्हात लाख मऊ पडून खडा हलायला लागतो. त्या दिवसांत सकाळी लवकर काम उरकावं किंवा खिळ्याच्या माथ्यावर सुपरग्लूनं चिकटवून नंतर अॅसिटोनमध्ये भिजवावं.

घासताना आधी कंबर २ मिलिमीटरची ठेवायची आणि ती वर जाताना किंचित आत कलती हवी, नाहीतर कोंदण खडा धरत नाही. मागच्या कडेला ४५ अंशांची बारीक सूट द्यायची, कारण कोंदणाच्या तळाशी झाळणीची, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूची, गोलाई असते आणि धारदार कड तिथे टेकून खडा बसतच नाही. मग घुमट. प्रत्येक चाकानंतर खडा पूर्ण कोरडा करून दिव्याखाली बघायचा, ओल्यावर ओरखडे लपतात. सगळ्यात जास्त वेळ २८० वर द्यावा. तिथे राहिलेला ओरखडा १२०० वर दिसतो आणि मग उलट यावं लागतं.

पट्टेदार जॅस्परचा खास त्रास म्हणजे मऊ पट्टा खोल जाणं. पिवळे, मातकट पट्टे आजूबाजूच्या लाल पट्ट्यांपेक्षा लवकर झिजतात आणि बोट फिरवलं की खाचा लागतात. जोर कमी, पाणी जास्त, खडा सतत फिरता ठेवायचा आणि नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या चाकावर, फार वेळ घालवायचा नाही. तरीही पट्टा भुसभुशीत असेल तर पातळ सुपरग्लू किंवा इपॉक्सी मुरवून पुन्हा घासावं लागतं. तसं केलं तर गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. शेवटचं पॉलिश चामड्यावर सेरियम ऑक्साइडनं. पाण्यात कालवून घट्ट ताकाइतकं करायचं आणि चामडं जवळजवळ सुकत येतं, खडा ओढल्यासारखा वाटतो, तेव्हाच चमक येते. बोटाला चटका बसायला लागला की थांबायचं.

जूनमध्ये चांदीकडे वळलो. सांगलीला इथे शेजार चांगला आहे: हातकणंगले तालुक्यातली हुपरी चांदीच्या कामाला प्रसिद्ध, आणि विटा-आटपाडीकडचे गलाई करणारे, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर पसरलेले. म्हणजे पत्रा, तार, टंच (चांदीची शुद्धता) काढणं आणि भंगार गाळणं हे सगळं तासाभराच्या टप्प्यात होतं. कोंदणाची पट्टी ९९९ चांदीची, ०.३ मिलिमीटर, मागचा पत्रा ९२५ चा, ०.५ ते ०.६. पट्टीची लांबी काढायला लांबी आणि रुंदीची सरासरी गुणिले ३.१४, वर साधारण १ मिलिमीटर पट्टीच्या जाडीसाठी. ३० बाय २२ ला ती ८३ मिलिमीटरच्या आसपास येते. उंची ३ मिलिमीटर पुरते. पट्टीचा सांधा कडक झाळणीनं, पत्र्यावर मध्यम, कडी मऊ झाळणीनं, म्हणजे आधीचे सांधे सुटत नाहीत. टाकणखार, मग तुरटीच्या गरम पाण्यात सफाई. आगीचं सगळं काम खडा बसवण्याआधी संपलं पाहिजे. गंधकानं काळपट करायचं असेल तर तेही आधीच, कारण सच्छिद्र पिवळे पट्टे डाग धरतात.

खडा बसतो का ते बघताना खाली दोरा आडवा घालावा, म्हणजे अडकला तरी ओढून काढता येतो. दाबताना समोरासमोरचे चार बिंदू आधी, मग मधले, शेवटी ओपणीनं, म्हणजे गुळगुळीत घोटणीनं, घोटणं. खड्यावर कागदी टेप लावून ठेवावी. पॉलिश पेपरमधले कण जॅस्परपेक्षा कठीण असतात आणि एका हेलकाव्यात चमक जाते. पहिल्या काही पेंडंटची जडाई सराफ कट्ट्यावरच्या कारागिराकडून मजुरीवर करून घेतली आणि शेजारी बसून बघितली. हे पैसे वाया जात नाहीत.

पावसाळ्यात चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर चढत राहिला, तेव्हा खर्चाचा खरा आकार कळला. एका पेंडंटमध्ये दगडाचा वाटा शे-दीडशे रुपये, बाकी चांदी आणि मजुरी. म्हणूनच संशयास्पद खडा, किंमत जवळजवळ शून्य असली तरी, चांदीत बसवू नये. कोंदण फोडून पुन्हा करण्यात पट्टी जाते, वेळ जातो आणि गाळताना घट येते ती वेगळी.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही एचयूआयडीसह, म्हणजे प्रत्येक नगाच्या वेगळ्या ओळख क्रमांकासह, हॉलमार्क सुरू झाला, पण तो ऐच्छिक आहे. करून घ्यायचा तर खडा बसवण्याआधी तुकडा केंद्रात द्यावा आणि मागच्या पत्र्यावर खुणेसाठी सपाट जागा सोडावी. हॉलमार्क करत नसाल तर पत्र्याच्या लगडीचा टंच काढल्याची पावती जपून ठेवा.

बिलावर चांदीचं निव्वळ वजन आणि टंच, खड्याचं वेगळं वजन, मजुरी आणि दागिन्यावरचा ३ टक्के जीएसटी असं सुटं लिहिलं की दिवाळीच्या गर्दीतही वाद होत नाही. दगडाच्या रकान्यात ‘नैसर्गिक जॅस्पर’, आणि पट्टा भरलेला असेल तर ‘रेझिन भराव’ हेही तिथेच. सोबत एक चिठ्ठी: चिंचेचं पाणी किंवा चांदी धुण्याचं रसायन खड्याला लावू नये, अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये घालू नये, रिठ्याच्या पाण्यानं धुऊन लगेच पुसावं.